टीसीईवर जिवाणूंची पावडर? आधी एथीन मोजा

प्रश्न आलाय तो असा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात वीसेक वर्षं व्हेपर डिग्रीजर, म्हणजे सॉल्व्हंटच्या वाफेने भागांवरचं तेल-ग्रीस काढणारं यंत्र, चालला. आता आवारातल्या साठ मीटर खोल बोअरच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, सापडलंय: लिटरला १,८०० मायक्रोग्रॅम. 'सॉल्व्हंट खाणाऱ्या जिवाणूंची' पावडर विकणारा पुरवठादार म्हणतो, महिन्याला दोन पोती बोअरमध्ये सोडा, सहा महिन्यांत पाणी साफ. विचारणाऱ्या पर्यावरण अधिकाऱ्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: जिवाणू खरंच टीसीई संपवतात का, आणि ही पावडर घ्यावी का.

जिवाणू टीसीई संपवतात. माझी निम्मी कारकीर्द त्यांच्याच भरवशावर गेली आहे. पण ते जिवाणू या पोत्यात नाहीत, आणि असूच शकत नाहीत.

अशा पोत्यात बहुधा बॅसिलस आणि स्यूडोमोनासच्या जाती वाळवून भरलेल्या असतात. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, हवा खेळवणाऱ्या एरेशन टाकीत त्या आपलं काम बरं करतात. अ‍ॅसिटोन, मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), टोल्युइन अशी सॉल्व्हंट प्राणवायू मिळाला की जिवाणू सहज फस्त करतात. ती त्यांच्यासाठी भाकरीच आहे, जाळली की ऊर्जा मिळते. टीसीईचं तसं नाही. त्याच्या रेणूत दोन कार्बनला तीन क्लोरीन चिकटलेत. त्याला जाळून प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूच्या पोटात काही पडत नाही. 'सॉल्व्हंट' हा शब्द डब्यावरच्या लेबलपुरता ठीक आहे. जमिनीखाली टोल्युइन आणि टीसीई हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

प्राणवायूत टीसीई अजिबात मोडत नाही, असं मात्र नाही. मिथेन किंवा टोल्युइन खाणारे काही जिवाणू आपल्या नेहमीच्या खाण्यासाठी जे विकर (एन्झाइम) तयार करतात, त्याच्या तडाख्यात टीसीईही सापडतं आणि मोडतं. जिवाणूला त्यातून काही मिळत नाही, उलट थोडी इजाच होते. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर १९९०च्या दशकात पर्यावरण अभियंते पेरी मॅकार्टी यांच्या गटाने हे प्रत्यक्ष करून दाखवलं. भूजलात प्राणवायूबरोबर टोल्युइन सोडलं आणि लिटरला हजारेक मायक्रोग्रॅम असलेलं टीसीई वीसेकवर आणलं. प्रयोग देखणा होता. पण भूजल साफ करायला त्यात टोल्युइन सोडण्याची परवानगी मागायला जाऊन बघा, समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

खरा गडी वेगळाच आहे. त्याचं नाव जिभेवर बसायला वेळ लागतो: डीहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी. ते मॅकार्टी हेच. आकाराने चपट्या चकतीसारखा, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, आणि जनुकसंच ई. कोलायच्या जेमतेम एक तृतीयांश. हा टीसीई खात नाही. आपण भाकरी खातो आणि प्राणवायूवर श्वसन करतो, तसा हा हायड्रोजन खातो आणि टीसीईवर श्वसन करतो. प्रत्येक 'श्वासाला' रेणूवरचा एक क्लोरीन निघतो आणि त्या जागी हायड्रोजन बसतो. चार क्लोरीनचं पर्क्लोरोइथिलीन (ड्रायक्लीनिंगवाले ज्याला 'पर्क' म्हणतात), तीनचं टीसीई, दोनचं सिस-डीसीई (डायक्लोरोइथिलीन), एकाचं व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी क्लोरीन नसलेलं एथीन. केळी पिकवायला वापरतात तोच हा वायू, निरुपद्रवी.

१९८९ साली कॉर्नेल विद्यापीठात फ्रीडमन आणि गॉसेट यांनी ही उतरंड एथीनपर्यंत पुरी होते, हे दाखवलं. तोवर जमिनीत हे मधेच अडकतं अशीच धारणा होती. त्यासाठी जबाबदार असलेला जिवाणू वेगळा काढायला आणखी आठ वर्षं लागली. १९९७ मध्ये तो हाती आला, तोही इथाका गावच्या मैलापाणी केंद्रातल्या गाळातून. इतका उशीर लागण्याचं कारण तुमच्या पोत्याशी जोडलेलं आहे. हा जिवाणू प्राणवायू लागला की मरतो. त्याच्या विकराच्या गाभ्यात कोबाल्ट असलेलं बी-१२ सारखं द्रव्य लागतं, ते त्याला स्वतःला बनवता येत नाही, म्हणून शेजारपाजाऱ्यांकडून उसनं घ्यावं लागतं. हायड्रोजनही दुसरे जिवाणू सेंद्रिय पदार्थ आंबवून तयार करतात तेव्हा त्याला मिळतो. थोडक्यात, हा एकटा राहत नाही, उघड्यावर राहत नाही आणि वाळवून पोत्यात तर मुळीच राहत नाही. याचं कल्चर द्रवरूपात, हवाबंद स्टीलच्या पिंपातून येतं आणि नायट्रोजनच्या दाबाने जमिनीत सोडतात. विक्रेत्याने खांद्यावरून पोतं उतरवलं, तर त्याला तिथेच थांबवा.

आता मुख्य मुद्दा, जो मला सगळ्यात महाग पडलेल्या साइट्सवरून कळलाय. टीसीईवर काम करणारे जिवाणू पुष्कळ आहेत. टीसीईचं सिस-डीसीई करणारे तर बऱ्याच ठिकाणी आधीपासून असतात. तिथून पुढे एथीनपर्यंत नेणारे मात्र फार थोडे माहीत आहेत, मुख्यतः डीहॅलोकोकॉइडिस, आणि त्याचेही सगळे वाण ते करत नाहीत. व्हिनाइल क्लोराइडवर श्वसन करायला व्हीसीआर-ए किंवा बीव्हीसी-ए यांसारखं जनुक लागतं. ते नसेल तर गाडी व्हिनाइल क्लोराइडवर येऊन थांबते. तिथे थांबणं म्हणजे सुरुवात न करण्यापेक्षा वाईट.

तुमचाच आकडा घेऊ. टीसीईचा रेणूभार १३१.४, व्हिनाइल क्लोराइडचा ६२.५. १,८०० मायक्रोग्रॅम टीसीई सगळं व्हिनाइल क्लोराइड होऊन थांबलं, तर लिटरला ८५६ मायक्रोग्रॅम होईल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची २. म्हणजे आज तुमचं पाणी मर्यादेच्या ३६० पट आहे. 'उपचारानंतर' ते ४२८ पट होईल. दोन्ही माणसात कर्करोग करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात नोंदलेली आहेत. व्हिनाइल क्लोराइड तर वायूच आहे, पाण्यातून निघून फरशीच्या भेगांतून खोलीत यायला त्याला फार कष्ट पडत नाहीत.

एका औद्योगिक वसाहतीतली गोष्ट सांगतो. कंत्राटदाराने बोअरमध्ये टँकरने मळी ओतली. नऊ महिन्यांनी अहवाल आला: टीसीई आढळले नाही. पेढे वाटले गेले. मला बोलावलं ते वेगळ्याच कारणाने, शेजारच्या शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास येत होता म्हणून. मी अहवाल मागितला. त्यात एकच ओळ होती, टीसीईची, कारण तपासायला तेवढंच सांगितलं होतं. नमुना पुन्हा घेतला, यादी वाढवली आणि सगळं बाहेर आलं: सिस-डीसीई भरपूर, व्हिनाइल क्लोराइडही, एथीन मात्र नाही. कंत्राटदार मनापासून म्हणाला, "पण सर, टीसीई तर गेलंच ना?" त्याने फसवलं नव्हतं, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पेढे खाल्लेल्यांपैकी कुणीही तोवर हा प्रश्न विचारला नव्हता. त्या शेडचा वापर थांबवून फरशीखालची हवा ओढून बाहेर सोडायची व्यवस्था करावी लागली. मळीच्या टँकरपेक्षा ती कितीतरी महाग पडली.

म्हणून कुठलाही आकडा पाहताना आधी वजनाचा विचार सोडा आणि मोल, म्हणजे रेणूंची संख्या, मोजा. टीसीई, सिस-डीसीई, व्हिनाइल क्लोराइड, एथीन, एथेन, सगळ्यांचे मोल करून बेरीज घ्या. १,८०० मायक्रोग्रॅम टीसीई पूर्ण मोडलं तर साधारण ३८४ मायक्रोग्रॅम एथीन दिसायला हवं. बेरीज टिकून राहते आणि वाटा एथीनकडे सरकतो, तेव्हा काम चाललंय असं म्हणायचं. बेरीजच घटत असेल तर बहुधा माल मोडला नाही, नुसता पातळ झाला किंवा पुढे वाहून गेला. काही जण क्लोराइड वाढल्याचा आलेख दाखवतात. तुमच्याकडे तो फसवा ठरेल: इतक्या टीसीईतून जेमतेम दीड मिलिग्रॅम क्लोराइड सुटेल, आणि बोअरच्या पाण्यात मुळातच क्लोराइड असतं त्यात ते कुठे दिसणार?

जिवाणू तिथे नसतील तर बाहेरून आणून सोडता येतात, आणि त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा टेक्सासमधल्या केली हवाई तळावरचा आहे. तिथे पर्क्लोरोइथिलीन होतं. चाचणीच्या पट्ट्यात आधी मिथेनॉल आणि अ‍ॅसिटेट दिलं, म्हणजे खाऊ दिला, पण उतरंड सिस-डीसीईवरच अडकली. मग कॅनडातल्या ओंटारिओतल्या एका दूषित जागेवरून वाढवलेलं केबी-१ नावाचं कल्चर फक्त १३ लिटर सोडलं. दोनशे दिवसांत पर्क्लोरोइथिलीन, टीसीई आणि सिस-डीसीई तिन्ही लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेली आणि त्यांच्या जागी एथीन आलं. शेजारच्या पट्ट्यात खाऊ तोच, कल्चर नाही. तिथे सिस-डीसीई तसंच राहिलं. विरजण लावण्यासारखंच हे: चमचाभर पुरतं, पण दूध कोमट लागतं. उकळत्या किंवा फ्रिजमधल्या दुधात कितीही चांगलं विरजण घाला, सकाळी दूधच मिळतं.

इथलं कोमट दूध म्हणजे काय? प्राणवायू जवळपास शून्य, नायट्रेट संपलेलं, पीएच साडेसहा ते साडेसातच्या आसपास. सहाच्या खाली गेला की हा गडी काम टाकतो. खाऊ देताना नेमकं इथेच चुकतं. मळी स्वस्त, महाराष्ट्रात मुबलक, आणि जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. पण ती इतक्या झपाट्याने आंबते की आम्लं साचून पीएच कोसळतो, आणि हायड्रोजनचा एकदम लोंढा आला की मिथेन करणारे जिवाणू तो पळवतात. डीहॅलोकोकॉइडिसची खुबी ही, की हायड्रोजन अगदी थेंबाथेंबाने मिळत असला तरी तो त्यावर जगतो आणि मिथेनवाले उपाशी राहतात. म्हणून सावकाश झिरपणारा खाऊ बरा. जगभर त्यासाठी सोयाबीन तेलाचं बारीक इमल्शन वापरतात. एकदा सोडलं की दोन-तीन वर्षं पुरतं. सोबत सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तयार ठेवायचा. मळी वापरूच नये असं नाही, पण पातळ करून, थोडी थोडी, आणि पीएच बघत.

दुसरं एक पथ्य. तुमच्या आवारात टीसीईच्या आधी किंवा नंतर १,१,१-ट्रायक्लोरोइथेन वापरलं होतं का? क्लोरोफॉर्म? जुन्या खरेदीच्या वह्या काढा, स्टोअरमधल्या निवृत्त माणसाला गाठा. ही दोन्ही थोडी असली तरी डीहॅलोकोकॉइडिसला जाम करतात, आणि ती काढायला वेगळे जिवाणू लागतात. शिवाय ट्रायक्लोरोइथेनबरोबर १,४-डायऑक्झेन आलेलं असतं. त्याला प्राणवायूविना कुणी हात लावत नाही.

आता खडकाकडे. परदेशातल्या बहुतेक यशोगाथा वाळूच्या आहेत. वाळूत सोडलेलं पाणी बऱ्यापैकी सगळीकडे पसरतं. आपल्याकडे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे बेसाल्टचे थर, आणि पाणी धावतं ते भेगांतून. म्हणून मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या टेस्ट एरिया नॉर्थचं. तिथेही भेगाळलेला बेसाल्ट आहे आणि पाणी साठ मीटरच्या आसपास खोल. १९५०च्या दशकापासून १९७२ पर्यंत तिथे एका विहिरीतून टीसीई, मैलापाणी, गाळ असं सगळं थेट जमिनीत सोडत होते. दूषित पाण्याचा पट्टा तीन किलोमीटरच्या आसपास पसरला. जानेवारी १९९९ पासून त्यांनी खाऊ म्हणून सोडियम लॅक्टेट सोडायला सुरुवात केली आणि स्थानिक जिवाणूंनीच टीसीई एथीनपर्यंत उतरवलं. बाहेरून कल्चर आणावं लागलं नाही. मला यातली गंमत अशी वाटते, की टीसीईच्या जोडीला ज्या मैल्याने ती विहीर खराब केली, त्यानेच आधीपासून तिथला प्राणवायू संपवून ठेवला होता. पुढे लॅक्टेटच्या जागी व्हे पावडर आली, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी. ती खडकाला चिकटून राहिलेलं सॉल्व्हंट पाण्यात ओढून आणायलाही मदत करते, असं त्यांना दिसलं.

तिथून इकडे आणताना दोन फरक लक्षात ठेवायला हवेत. एक आपल्या बाजूचा: आपलं भूजल कोमट आहे, पंचविशीच्या घरात किंवा वर. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या दहा-बारा अंशांच्या पाण्यात जे रखडतं, ते इथे पटपट व्हायला हवं. दुसरा विरोधातला: आपला पाऊस. जून-जुलैत काही आठवड्यांत पातळी कित्येक मीटर वर येते आणि प्राणवायू, नायट्रेट घेऊन नवं पाणी भेगांत शिरतं. मे महिन्यात कष्टाने प्राणवायूमुक्त केलेला थर जुलैत पुन्हा हवेशीर. म्हणून उथळ खडकात मी खाऊ सोडतो तो दिवाळीच्या सुमारास, आणि पुढच्या पावसाळ्याचा धक्का पेलेल इतका जास्त.

बोअरमध्येच ओतायचं म्हटलं तरी दुसरी अडचण उरतेच. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. सांडलं की ते पाण्यावर तरंगत नाही, भेगांतून खाली खाली जातं आणि खोबणीत बसतं. तुमची बोअर साठ मीटर उघडी आहे. तिच्यात एखाद्या भेगेतून घाण पाणी येतं आणि बाकीच्या भेगांतलं चांगलं पाणी त्याला पातळ करतं. त्या एका भेगेत आकडा कदाचित १,८०० च्या अनेक पट असेल. शुद्ध टीसीई पाण्यात लिटरला साधारण १,१०० ते १,३०० मिलिग्रॅम विरघळतं. त्याच्या एक टक्का, म्हणजे ११ ते १३ मिलिग्रॅम पाण्यात दिसले की जवळपास सॉल्व्हंट साठून आहे असं आम्ही धरून चालतो. तुमच्या मिसळलेल्या पाण्यात १.८ दिसतात. एवढ्यावरून साठा नाही असं मी म्हणणार नाही. भेगा शोधा, पॅकर, म्हणजे बोअरचा हवा तो भाग बंद करणारे फुगवायचे बूच, लावून एकेक भेगेचं पाणी वेगळं घ्या, आणि ती उघडी बोअर घाणीला खाली उतरायची शिडी होऊ देऊ नका.

साठा किती असू शकतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. टीसीईचं २०० लिटरचं एक पिंप, वजन २९० किलोच्या पुढे. ते लिटरला ५ मायक्रोग्रॅम या प्रमाणात विरघळवायचं तर ५,८०० कोटी लिटर पाणी लागेल. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५,६०० कोटी लिटर. वीस वर्षांत तुमच्या डिग्रीजरमधून किती पिंपं गेली, त्यातलं किती हवेत उडालं आणि किती नाल्यात, कोण जाणे. म्हणून सहा महिन्यांची हमी देणाऱ्याशी वाद घालू नका, फक्त हसा. साठा नसेल तर मी तीन ते पाच वर्षं धरेन. असेल तर जिवाणूंआधी तो उपसायचा किंवा तापवून काढायचा विचार करावा लागेल, आणि उरलेलं जिवाणूंवर सोडावं लागेल.

परिणामांची पूर्वकल्पना कारखान्यात आधीच देऊन ठेवा. पाणी काळं पडेल, वास येईल, लोह आणि मँगेनीज वाढेल, कधी खडकातलं आर्सेनिकही सुटतं. मिथेन होईल, म्हणून इमारतीखाली गॅस मोजायची सोय हवी. हे सगळं उपचार चाललाय याची खूण असतं, पण सांगितलं नसेल तर तक्रार म्हणून येतं. आजूबाजूला कुणाची विहीर असेल तर ती पिण्यासाठी तर बंदच, आंघोळीसाठीही नको. गरम पाण्यातून टीसीई हवेत उडतं आणि बंद न्हाणीघरात नाकातोंडात जातं.

कुणी आनंद चक्रवर्तींचं उदाहरण देईल. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी तेल खाणारा स्यूडोमोनास तयार केला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला पेटंट मिळू शकतं असा निकाल दिला. निकाल ऐतिहासिक आहे, पण तो जिवाणू खनिज तेलाचा होता आणि खऱ्या तेलगळतीवर कधी वापरला गेला नाही. टीसीईशी त्याचा संबंध नाही. पोत्यावर त्यांचं नाव छापलेलं मी पाहिलंय.

तुम्ही लगेच करायचं ते एवढंच. पाऊस सुरू व्हायच्या आत एक नमुना घ्या. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घातलेल्या, काठोकाठ भरून. उलटी करून टिचकी मारल्यावर एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण टीसीई त्या बुडबुड्यात पळतं. लगेच बर्फात, चौदा दिवसांत तपासणी. प्रयोगशाळेला यादी लिहून द्या: पर्क्लोरोइथिलीन, टीसीई, सिस-डीसीई, व्हिनाइल क्लोराइड, १,१,१-ट्रायक्लोरोइथेन, क्लोरोफॉर्म, आणि वेगळ्या कुपीत एथीन, एथेन, मिथेन. जागेवरच पीएच, विरघळलेला प्राणवायू आणि ओआरपी (पाणी किती प्राणवायूविरहित झालंय हे सांगणारं विद्युत-माप). त्याशिवाय नायट्रेट, सल्फेट, लोह. आणखी एक लिटर पाणी गाळून डीएनए तपासणीला द्या, डीहॅलोकोकॉइडिस आणि व्हीसीआर-ए जनुक दोन्हींसाठी. लिटरला एक कोटीच्या पुढे संख्या आली तर काम चांगल्या वेगाने होऊ शकतं. हजारांत आली, तर खाऊ देऊन आधी वाट बघू, आणि सहा महिन्यांत सिस-डीसीईवरच अडकलं तर कल्चर मागवू.

सिस-डीसीई किंवा व्हिनाइल क्लोराइडच्या जोडीला एथीनही थोडं दिसलं, तर समजा तो गडी तुमच्या आवारात आधीच कामाला लागलाय. मग पोतंवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.